कान आधी, मग जीभ

लहान मुलाच्या बाप्तिस्म्याच्या विधीत शेवटाकडे एक छोटा प्रसंग येतो. पाणी ओतून झालेले असते, ख्रिस्मा तेलाचा अभिषेक झालेला असतो, शुभ्र वस्त्र पांघरलेले असते, पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती वडिलांच्या हाती आलेली असते. पाहुण्यांचे लक्ष एव्हाना छायाचित्रांकडे वळलेले असते. अशा वेळी धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि मग ओठांना अंगठ्याने स्पर्श करतो व प्रार्थना करतो, की ज्या प्रभूने बहिऱ्याला ऐकू दिले आणि मुक्याला बोलते केले, त्याने या बाळालाही आपला शब्द लवकर ऐकू द्यावा आणि आपली श्रद्धा मुखाने प्रकट करू द्यावी. या विधीला ‘इप्फाथा’ म्हणतात. तो ऐच्छिक असल्यामुळे वेळ कमी असला की पुष्कळदा गाळला जातो. आम्हीही तो कित्येकदा गाळला आहे. परंतु अलीकडे या विधीतील क्रमाकडे आमचे लक्ष वारंवार जाऊ लागले आहे. आधी कान, मग ओठ. ज्याने ऐकलेच नाही त्याने बोलावे कसे?

निमित्त घडले ते असे. बाप्तिस्म्यापूर्वीच्या तयारीसाठी एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले होते. बोलणे संपत आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारले, “फादर, आम्ही घरात सामवेदी बोलतो. शाळा तर इंग्रजीच असणार. सगळे सांगतात, आतापासूनच इंग्रजीत बोलायला लागा. तुम्ही सांगा, बाळाशी कोणत्या भाषेत बोलायचं?” प्रश्न साधा होता, तरी आम्ही त्यांना चटकन उत्तर दिले नाही, पुढच्या रविवारी बोलू म्हणून सांगितले. कारण सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न आम्हांस एका कुटुंबाने विचारला होता. तेव्हा आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले होते, आणि ते उत्तर चुकले होते. त्याची हकीकत पुढे येईलच. त्याआधी या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे. कारण आमच्या मते हा केवळ सोयीचा प्रश्न नसून कर्तव्याचा प्रश्न आहे. मूल अन्न मागण्यासाठी रडू शकते. भाषा मागण्यासाठी ते रडू शकत नाही. ती त्याला मिळाली तर मिळाली. देणाऱ्याने काय द्यावे, किती द्यावे आणि कसे द्यावे, याची सर्व जबाबदारी देणाऱ्यावरच राहते.

या विषयावर आत्मपरीक्षण करून लिहिणाऱ्या जुन्या लेखकांत संत ऑगस्टिनचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात, आपण बोलायला कसे शिकलो याचा तो शोध घेतो. वडील माणसे एखाद्या वस्तूचे नाव घेत तिच्याकडे वळत, चेहरा, डोळे आणि हातवारे यांतून त्यांचा हेतू कळे, आणि अशा रीतीने कोणता शब्द कशाची खूण आहे हे आपल्याला उमगत गेले, असे तो सांगतो. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन याने १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ याच उताऱ्याने केला, आणि भाषा म्हणजे वस्तूंच्या नावांची यादी नव्हे असा आक्षेप घेतला. तो आक्षेप योग्यच आहे. परंतु त्याच भागात ऑगस्टिनने आणखी एक अनुभव नोंदवला आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. लॅटिन भाषा तो दायांच्या लाडांत, घरच्यांच्या थट्टामस्करीत, कोणाच्याही धाकाशिवाय शिकला. ग्रीक मात्र शाळेत छडीच्या भीतीने शिकवली गेली आणि तिचा त्याला तिटकारा आला. मूल एकच, बुद्धी एकच. फरक पडला तो भाषा कोणत्या हातांनी दिली गेली यामुळे.

माणसाला भाषा दिलीच नाही तर काय होईल, हा प्रश्न पूर्वीच्या राजांनाही पडला होता. तेराव्या शतकातील सालिंबेने नावाचा फ्रान्सिस्कन बखरकार सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकची गोष्ट सांगतो. मूल आपण होऊन कोणती भाषा बोलू लागते, हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरबी की आईबापांची, हे पाहण्यासाठी सम्राटाने म्हणे काही बालके दायांच्या स्वाधीन केली. त्यांना दूध पाजावे, न्हाऊ घालावे, पण त्यांच्याशी अक्षरही बोलू नये अशी आज्ञा केली. ती बालके जगली नाहीत. टाळ्या, हावभाव, हसरा चेहरा आणि लाडाचे बोलणे यांवाचून ती जगू शकली नाहीत, असे कारण सालिंबेने देतो. तो सम्राटाचा विरोधक होता, म्हणून त्याची हकीकत इतिहासकार सावधपणे वाचतात. परंतु आपल्याकडील अकबर बादशहाने असाच प्रयोग केल्याचे त्याच्याच दरबारातील अबुल फझल नोंदवून ठेवतो. तान्ही मुले एका एकांत वाड्यात मुक्या दायांकडे ठेवण्यात आली. १५८२ मध्ये बादशहा तेथे गेला तेव्हा त्या मुलांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. लोक त्या वाड्याला ‘गुंग महाल’ म्हणू लागले. फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे येशूसंघीय सहकारी त्या काळात बादशहाच्याच दरबारात होते. देवाने माणसाच्या ठायी वाणीची शक्ती ठेवली आहे, हे खरेच. पण ती शक्ती जागी करण्याचे काम त्याने दुसऱ्या माणसावर सोपवले आहे.

आजचे संशोधक असले निर्दय प्रयोग करीत नाहीत. ते बाळाच्या लहानसहान प्रतिक्रियांचे निरीक्षण करतात आणि त्यांतून आश्चर्यकारक गोष्टी उजेडात आल्या आहेत. एक गोष्ट तर आपल्या कानांशीच संबंधित आहे. ‘ताप’ आणि ‘टाप’, ‘पात’ आणि ‘पाट’ हे शब्द आपल्याला अगदी वेगळे ऐकू येतात. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला त्यांतील त आणि ट यांचा भेद सहसा कळत नाही. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र हिंदीतील हा भेद ऐकू येतो. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत त्यांतील बहुतेकांचा तो कान हरपतो. उलट हिंदी घरांतील बाळांचा तो शाबूत राहतो. म्हणजे मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या आतच त्याचा कान घरातील भाषेला रुळू लागतो. जे ध्वनी कानावर पडतात ते अधिक स्पष्ट होतात, जे पडत नाहीत ते मागे सरतात. पहिल्या वाढदिवसाचा केक कापला जाण्यापूर्वीच घराने मुलाच्या कानावर आपली मुद्रा उमटवलेली असते.

मग कानावर नुसते पडले की पुरे का? घरात दूरदर्शनसंच किंवा भ्रमणध्वनी दिवसभर बोलत राहिला तर? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात सापडते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींसमोर चिनी भाषिक स्त्री-पुरुष बसले, पुस्तके वाचू लागले, खेळणी दाखवू लागले. अशा बारा बैठका झाल्या. तेवढ्यावर ती बाळे चिनी भाषेतील एक सूक्ष्म ध्वनिभेद तैवानमधील बाळांइतकाच ओळखू लागली. दुसऱ्या काही बाळांना त्याच व्यक्ती, तेच बोलणे, पडद्यावर दाखवण्यात आले किंवा नुसते ऐकवण्यात आले. त्यांना काहीही लाभ झाला नाही. शब्द तेच होते. समोर माणूस नव्हता.

शब्दांची नुसती मोजणी करणेही पुरेसे नाही, असेच पुढील संशोधन सांगते. १९९५ मध्ये बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून अंदाज बांधला, की सुशिक्षित, सुस्थित घरातील मूल चार वर्षांचे होईपर्यंत गरीब घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द अधिक ऐकते. हा आकडा जगभर गाजला. परंतु कुटुंबे थोडी होती, त्यांतही अत्यंत गरीब घरे फारच थोडी. आणि घरातील इतरांचे कानावर पडणारे बोलणे त्यांनी मोजले नव्हते, असे आक्षेप पुढे घेतले गेले. ते रास्तच होते. गरिबाच्या झोपडीतही आजी, आत्या, शेजारीण यांची गजबज असते. पुढे २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ अमेरिकन मुलांच्या पाहणीत असे आढळले, की मेंदूतील भाषेच्या केंद्राची सक्रियता मूल किती शब्द ऐकते यापेक्षा संवादाची देवघेव किती वेळा होते याच्याशी अधिक जोडलेली आहे. मूल काही बोलले, मोठ्याने उत्तर दिले, मुलाने पुन्हा काही विचारले, ही ती देवघेव. तिला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि मुलाचे बोलणे ऐकून घेण्याची तयारी लागते.

येथे एक शंका उपस्थित होईल. सर्वच समाजांत काही तान्ह्या बाळाशी बोलत बसत नाहीत. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोकांत आया तान्ह्या मुलाशी संवाद करीत नाहीत. तरी ती मुले उत्तम बोलू लागतात. हे खरे आहे. परंतु त्या आया काय करतात? त्या बाळाचे तोंड समोरच्या मंडळींकडे करून धरतात आणि बारीक आवाजात बाळाच्या वतीने स्वतःच बोलतात. हे वाचताना आम्हांस १९६९ पूर्वीचा बाप्तिस्म्याचा विधी आठवला. त्या विधीत धर्मगुरू प्रश्न बाळालाच विचारीत असे, आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने उत्तर देत. बाळाला काय कळते, असे म्हणून कोणी हसत नसे. त्याला बोलणाऱ्यांच्या मंडळात आधी जागा दिली जाई. बोलणे मागाहून येई. रीती निरनिराळ्या असतील, पण बाळाला आपल्यातला एक मानणे ही गोष्ट सर्वत्र सारखीच आढळते.

आणि मूल घेतलेले तेवढेच परत करते असेही नाही. निकाराग्वा देशाची राजधानी मनाग्वा येथे १९७७ नंतर मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. तोवर ही मुले आपापल्या घरी एकेकटी होती. त्यांना कोणतीच खुणांची भाषा ठाऊक नव्हती. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि त्यात फारसे यश येत नव्हते. पण खेळाच्या मैदानावर मुले एकमेकांना आपापल्या घरगुती खुणा दाखवू लागली. त्यांतून एक सामाईक बोली झाली, आणि मागाहून आलेल्या लहान मुलांनी त्या तोकड्या सामग्रीतून व्याकरणाने नटलेली एक संपूर्ण नवी भाषा घडवली. येशूच्या दृष्टान्तातील चाकराने जशी धन्याच्या मोहरांची वाढ केली, तशी या मुलांनी मिळालेल्या ठेव्याची वाढ केली. मात्र हेही एकेकट्याने साधले नाही. कोणीतरी समोर होते, म्हणून साधले.

प्रौढांची गोष्ट काहीशी वेगळी आहे. परभाषेचे व्याकरण सहजपणे आत्मसात करण्याची शक्ती साधारण सतराव्या वर्षानंतर उतरणीला लागते, असे सुमारे पावणेसात लाख लोकांच्या पाहणीवरून २०१८ मध्ये मांडण्यात आले. सेमिनरीत विशीत ग्रीकचे धातू घोकताना आम्ही याचा पुरेपूर अनुभव घेतला आहे. परंतु प्रौढाच्या बाबतीत वयाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा असतो: जे कानावर पडते ते कळते का? आमच्या आजीच्या पिढीने वर्षानुवर्षे लॅटिनमध्ये मिस्सा ऐकली. लॅटिन प्रतिसाद आजीला शेवटपर्यंत पाठ होते. झोपेतून उठवले तरी तिने ते म्हटले असते. पण आयुष्यभर ऐकूनही तिला लॅटिन आली नाही. तिच्या भक्तीला त्यामुळे उणेपणा आला, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने लोकभाषेला उपासनेचे दार उघडले आणि पुढे मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा शुभवर्तमान ऐकता ऐकता आजीच्या डोळ्यांत पाणी आले, असे आई सांगत असे. कान तेच होते. आता शब्द तिच्याशी बोलत होते.

दुसरे उदाहरण आपणां सर्वांना अभिमानास्पद आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले तेव्हा तिशीच्या घरात होते. येथील भाषांचे छापील व्याकरण तेव्हा उपलब्ध नव्हते. कोकणीचे व्याकरण पुढे त्यांनी स्वतःच लिहिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, छापले गेले. साष्टीच्या खेड्यापाड्यांत राहून, तेथील माणसांचे बोलणे, त्यांची गाणी, त्यांची पुराणे ऐकून हा परका माणूस भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. लहान मुलाला भाषा प्रेमाने दिली जाते. प्रौढाला ती प्रेमाने मागावी लागते. शिकवण्यासाठी आलेल्या या मिशनऱ्याला आधी आपल्या धर्मग्रामस्थांचा विद्यार्थी व्हावे लागले. वयाने शिकणे अवघड होते. पण पुष्कळदा अधिक अवघड असते ते विद्यार्थी होण्याइतके लहान होणे.

आता या दोहोंच्या पंक्तीला एक तिसरा विद्यार्थी येऊन बसला आहे, तो म्हणजे यंत्र. प्रश्न विचारताच अस्खलित उत्तरे देणारी संगणकीय भाषायंत्रे २०२२ पासून घरोघरी पोहोचली आहेत. ती भाषा कशी शिकतात? ढोबळमानाने सांगायचे तर अफाट मजकूर त्यांच्यापुढे ठेवला जातो आणि आतापर्यंतच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधण्याचा सराव त्यांच्याकडून करवून घेतला जातो. २०२० मधील ‘जीपीटी-३’ या यंत्राला सुमारे तीस हजार कोटी शब्दखंडांवर शिकवले गेले. २०२४ मधील ‘लामा-३’ या यंत्राच्या बाबतीत हा आकडा पंधरा लाख कोटींच्या पुढे गेला. याउलट तेरा वर्षांचे मूल जन्मापासून फार तर दहा कोटींच्या आसपास शब्द ऐकते, असे संशोधक धरतात. म्हणजे मुलाच्या शिदोरीच्या तुलनेत पहिल्या यंत्राला तीन हजार पट आणि दुसऱ्याला दीड लाख पट अन्न लागले! एवढा मजकूर मिळूनही ही यंत्रे लगेच नीट उत्तरे देऊ लागली नाहीत. त्यांची उत्तरे माणसांनी तपासली, हे बरे, ते वाईट असे ठरवले, आणि मगच त्यांना वळण लागले.

यंत्रांची निंदा करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांची करामत थक्क करणारी आहे आणि आमच्या धर्मग्रामातील तरुण त्यांचा चांगला उपयोगही करतात. परंतु या तुलनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की मुलाला इतक्या थोडक्यात भाषा येते यामागे केवळ शब्दांचा साठा नाही. मुलाला दूध हवे असते, चंद्र दाखवायचा असतो, आई कोठे गेली हे विचारायचे असते. त्याचा प्रत्येक शब्द जगण्याशी बांधलेला असतो. आणि त्याच्या पहिल्या शब्दाची कोणीतरी वाट पाहत असते. यंत्राशी कोटी कोटी वाक्ये बोलली गेली नाहीत. ती त्याला नुसती पुरवली गेली. त्यांतील एकही वाक्य मुळात त्याच्यासाठी नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी उंबरठ्यावरची आहे. यंत्राला येते ते लिहिलेले. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख आहेत. २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण इंग्रजीच्या तुलनेत तिचा संगणकावरील मजकूर थोडाच आहे. मग सामवेदी, वाडवळी यांसारख्या आपल्या बोलींची गत काय? त्या पिढ्यानपिढ्या कागदावाचून जगल्या. विहिरीवर, वाडीत, केळीच्या बागेत, लग्नातील गाण्यांत त्या नांदल्या. ग्रंथ नाही म्हणून यंत्र तेथे अडते. मूल मात्र एकही पुस्तक न उघडता आजीच्या मांडीवर ती बोली संपूर्ण घेऊन उठते. त्या बोलीचे भांडार अद्याप माणसांच्या मुखातच आहे. ते मुखच आपण बंद केले तर?

आणि येथेच आम्हांस आमची चूक सांगितली पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही नवे धर्मगुरू असताना एक दांपत्य आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा इंग्रजी शाळेत पहिलीत होता आणि मागे पडत होता. घरात गावठी बोलता, म्हणून मुलाला इंग्रजी येत नाही, असे शाळेत त्यांना सांगण्यात आले होते. आम्ही त्याला दुजोरा दिला. घरात फक्त इंग्रजीच बोला, असे ठामपणे सांगितले. फादरांचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. त्या घरात एक आजी होत्या. बावखलाच्या, वाडीच्या, सुकेळी वाळवण्याच्या दिवसांच्या गोष्टी त्या नातवाला रोज सांगत. आजींना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांना कोणी गप्प बसा म्हटले नाही. पण मुलाच्या भल्यासाठी आपण न बोललेलेच बरे, हे त्या समजल्या. आईबापांचे इंग्रजीही कामापुरतेच होते. अभ्यास कर, जेवून घे, झोप, एवढ्यातच ते संपे. रागवायला आणि लाड करायला त्यांच्याजवळ इंग्रजी शब्द नव्हते. थोडक्यात, एक भाषा काढून घेऊन तिच्या जागी आम्ही अर्धीच भाषा दिली.

मुलगा हुशार निघाला, शिकला, परदेशी नोकरीला गेला. काही वर्षांपूर्वी आजींचा अंतकाळ जवळ आला तेव्हा तैलाभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे आले. नातूही रजा काढून आला होता. आजींनी त्याचा हात हातात घेतला आणि त्या हळूहळू पुष्कळ वेळ बोलत राहिल्या. तो मान हलवीत होता. मग आमच्याकडे वळून त्याने इंग्रजीत विचारले, “फादर, त्या काय म्हणताहेत?” शाळेपुरते मराठी त्याला येत होते, पण मंद झालेल्या आवाजातील ती बोली त्याला कळत नव्हती. आम्ही त्याला सांगितले, “तू जेवलास का, असं विचारताहेत.” आणि लहानपणी तू बावखलात पडला होतास, त्या दिवसाची आठवण सांगताहेत. एवढेच बोलणे होते. आजीच्या आणि नातवाच्या मध्ये उभे राहून ‘जेवलास का’ या प्रश्नाचे भाषांतर करण्याची वेळ आमच्यावर यावी, यासारखे प्रायश्चित्त दुसरे नाही. आम्ही तो सल्ला अज्ञानाने दिला होता, हे खरे. अज्ञानाने दोष हलका होतो; नुकसान हलके होत नाही.

पुढच्या रविवारी ते तरुण दांपत्य आले, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले ते येथेही नमूद करतो. इंग्रजीशी आमचे वैर नाही. ती अन्न देणारी भाषा आहे, जगाचे दार उघडणारी भाषा आहे, आणि मुलाने ती उत्तम शिकावी. दोन भाषांनी मूल गोंधळते ही समजूत निराधार आहे. दोन भाषांत वाढणारी बाळे साधारण त्याच वयात बोलू लागतात, त्यांचे शब्द तेवढे दोन खणांत विभागलेले असतात. पण बाळाशी त्या भाषेत बोला, जिच्यात तुम्हांला अडखळावे लागत नाही, जिच्यात तुम्ही हसता, रुसता, चिडवता, समजूत काढता. आजीला तिच्या बोलीत बोलू द्या, किंबहुना बोलण्याचा आग्रह करा. रात्रीची प्रार्थना मराठीत म्हणा. मुलाच्या हाती बोलके यंत्र देण्यापूर्वी एकदा विचार करा. जुना दूरदर्शनसंच उत्तर देत नसे, आजचे यंत्र देते, हे खरे. पण मुलाचा पहिला शब्द ऐकून त्याला आनंद होत नाही आणि मूल गप्प झाले तर त्याला चुकल्यासारखे वाटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल बोलू लागले की थांबून ऐका.

तरुण आईने विचारले, “पण फादर, शाळेत मागे पडला तर?” तिची भीती खोटी नव्हती. आम्ही म्हटले, सुरुवातीला थोडे मागे पडेलही. तेव्हा शाळेशी बोलायला आम्ही तुमच्याबरोबर येऊ. मागच्या खेपेस आम्ही केवळ सल्ला दिला होता. या खेपेस सोबत द्यावी, असे मनात आहे.

शेवटी पुन्हा त्या विधीकडे वळतो. आपण ज्याला शब्द म्हणून वंदन करतो, तो देवपुत्र मनुष्य झाला तेव्हा त्यालाही शब्द शिकावे लागले. नाझरेथच्या घरात मारियेच्या आणि योसेफाच्या मुखातून तो अरामी बोली शिकला, तीही गालीलच्या खेड्यातली. यरुशलेमच्या लोकांना तिचा हेल ओळखू येई, आणि त्याच हेलाने पेत्र त्या रात्री अंगणात ओळखला गेला. संत मार्काने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले. पण बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करण्याच्या प्रसंगी प्रभूच्या तोंडचा शब्द त्याने ग्रीकमध्ये घातला नाही. तो मूळ घरगुती बोलीतच ठेवला आणि अर्थ तेवढा पुढे दिला: इप्फाथा, मोकळा हो. प्रभूने त्या माणसाला गर्दीतून बाजूला घेतले होते, त्याच्या कानांत बोटे घातली होती, जिभेला स्पर्श केला होता, आणि मग त्याच्याशी तो एक शब्द बोलला होता.

त्या बाळाचा बाप्तिस्मा गेल्या महिन्यात झाला. इप्फाथाचा विधी आम्ही गाळला नाही. कानांना आणि ओठांना अंगठा लावून प्रार्थना म्हटली, आणि मग बाळाला त्याच्या आजीच्या हाती दिले. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटले. काय ते आम्हांस ऐकू आले नाही. बाळ मात्र तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.